ओपनऑफिस आणि त्याचा वारस

साहित्यविषयक मासिकाच्या पानांत संगणकावरील एका प्रोग्रॅमाचें परीक्षण यावें, याचें कित्येक वाचकांस नवल वाटेल. काव्य, नाटक, कादंबरी, चरित्र यांचा परामर्श घेण्याची ही जागा; तेथें यंत्राच्या गोष्टी कशाला, असा आक्षेपही कोणी घेईल. परंतु आज जें मराठी पुस्तक छापून आपल्या हातीं येतें, तें बहुधा कागदावर जन्मास आलेलें नसतें. लेखकाचा पहिला खर्डा, त्यावरील खाडाखोड, प्रस्तावना, तळटीपा, शुद्धिपत्र हें सर्व संगणकाच्या पडद्यावरच होतें. बोरू गेला, टांक आला. टांक गेला, झरणी आली. कांहीं जणांनीं टाइपरायटरही घेतला. प्रत्येक बदलाच्या वेळीं लेखकांनीं थोडी कुरकुर केली आणि मग नवें साधन पत्करलें. मात्र बोरू टाकून टांक घेणाऱ्याला, आपलीं जुनीं पत्रें आपल्याला पुढें वाचतां येतील कीं नाहीं, ही चिंता कधीं पडली नव्हती. ती चिंता आमच्या पिढीच्या वांट्यास आली आहे, आणि म्हणूनच हा विषय आम्ही या पानांवर आणीत आहों.

निमित्त घडलें तें असें. आमच्या शेजारीं एक सेवानिवृत्त हेडमास्तर राहतात. वय ऐंशीच्या पुढें; परंतु संगणकावर स्वतः टंकलेखन करण्याचा हट्ट अद्याप सुटलेला नाहीं. एके दिवशीं सकाळीं ते आले आणि म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, माझ्या संगणकावर ओपनऑफिस आहे. नातू म्हणतो, आजोबा, तें मोडीत काढा, आतां लिबरऑफिस घ्या. तें फुकट, हेंही फुकट. दिसायलाही दोन्हीं एकासारखींच. मग चालती बैलगाडी सोडून उतरायचें कशाला?” प्रश्न सरळ होता, पण त्याचें उत्तर देण्यासाठीं आम्हांस या दोन प्रोग्रॅमांची सारी वंशावळ सांगावी लागली. वाचकांसही ती थोडक्यांत सांगतों, कारण वंशावळीवांचून वारसाचा निवाडा होत नाहीं.

जर्मनींतील लुनेबुर्ग गांवीं मार्को बोरिस नांवाच्या अवघ्या सोळा वर्षांच्या मुलानें इ. स. १९८५ त ‘स्टार डिव्हिजन’ नांवाची कंपनी काढली. तिच्या लेखनाच्या प्रोग्रॅमांतून पुढें ‘स्टारऑफिस’ तयार झालें. अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९९९ त ती पेढी विकत घेतली आणि २००० सालच्या ऑक्टोबरांत स्टारऑफिसचा मूळ मजकूर जगापुढें उघडा केला. १ मे २००२ रोजीं ‘ओपनऑफिस’ची १.० ही आवृत्ति निघाली. तिचें पुरें नांव ‘ओपनऑफिस डॉट ऑर्ग’ असें होतें. शेंपटी लावण्याचें कारण इतकेंच कीं, नुसत्या ‘ओपनऑफिस’ या नांवावर दुसऱ्यांचा हक्क अगोदरच होता. नांवाची ही कटकट जन्मापासूनच या घराण्याच्या पाठीस लागलेली दिसते.

‘मूळ मजकूर उघडा केला’ म्हणजे काय, हें येथें सांगणें अवश्य आहे. प्रोग्रॅम हा माणसानेंच लिहिलेला एक मोठा ग्रंथ असतो. सामान्यतः कंपनी तो ग्रंथ कुलुपांत ठेवते व आपल्याला केवळ त्याचें फळ विकते. मुक्तस्रोत प्रोग्रॅमाची रीति निराळी. येथें पोथीच हातीं येते. ती वाचावी, तींतील चुका सुधाराव्या, नक्कल करावी, आणि पटलें नाहीं तर आपला स्वतंत्र पाठ तयार करून तो चालू करावा, यास कोणाची मनाई नाहीं. आपल्याकडील जुन्या पोथ्यांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना यांत अपूर्व असें कांहीं वाटणार नाहीं. नकलाकारांच्या हातून बिघडलेला ज्ञानेश्वरीचा पाठ एकनाथांनीं शके १५०६ त शुद्ध केला, तेव्हां त्यांनीं कोणाचा परवाना घेतला नव्हता. पाठ ज्याच्या हातून नीट झाला, त्याचा लोकांनीं स्वीकारला.

परंतु पोथीला व्यापारी चिन्ह नसतें, आणि प्रोग्रॅमाला असतें. सर्व भानगडीचें मूळ येथें आहे. २०१० च्या जानेवारींत ऑरेकल कंपनीनें सन कंपनी गिळली. ओपनऑफिसवर काम करणाऱ्या अनेकांच्या मनांत पाल चुकचुकली. कारण नव्या धन्याला या प्रोग्रॅमाविषयीं कितपत आस्था आहे, याचा भरंवसा त्यांना वाटेना. २८ सप्टेंबर २०१० रोजीं त्यांनीं ‘डॉक्युमेंट फाउंडेशन’ या संस्थेची घोषणा केली आणि ऑरेकलला, तुम्हीही आमच्यांत या व ओपनऑफिस हें नांव संस्थेला द्या, अशी विनंती केली. नांव मिळालें नाहीं. तात्पुरतें म्हणून घेतलेलें ‘लिबरऑफिस’ हें नांवच मग कायम झालें. या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंत ‘मुक्त’ या अर्थीं आहे, आणि त्याच भाषेंत ऱ्हस्व स्वराचा दुसरा एक ‘लिबर’ ‘पुस्तक’ या अर्थीं आहे. नांव ठेवणाऱ्यांच्या मनांत हा श्लेष नसावा. पण आमच्यासारख्या पुस्तकी माणसाला तो जातां जातां सुखावून गेला.

लिबरऑफिसची पहिली पक्की आवृत्ति २०११ च्या जानेवारींत बाहेर पडली. पुढें तीन महिन्यांतच ऑरेकलनें ओपनऑफिसच्या धंद्यांतून अंग काढून घेतलें आणि जूनमध्यें तो प्रोग्रॅम, नांवासकट, ‘अपाचे’ या संस्थेला देऊन टाकला. म्हणजे झालें असें कीं, काम करणारीं बहुतेक माणसें एका घरीं गेलीं आणि दारावरची पाटी दुसऱ्या घरीं गेली. कायद्यानें वारस कोण, हा प्रश्न विचारला तर उत्तर अपाचेचें ओपनऑफिस, यांत संशय नाहीं. पण आम्ही कायद्याचे प्राध्यापक नव्हों. ग्रंथाची परंपरा कोणी पुढें चालविली, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

त्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे चित्र फारसें धूसर राहत नाहीं. अपाचेनें २०१२ त ३.४, २०१३ त ४.० व २०१४ त ४.१ या आवृत्त्या काढल्या. त्यानंतर जें निघालें तें ४.१ याच आवृत्तीचीं ठिगळें होत. २०१६ त सुरक्षेविषयींचा एक दोष उघडकीस आला, तेव्हां दुरुस्त आवृत्ति लगेच देतां आली नाहीं. आधीं वेगळें ठिगळ द्यावें लागलें आणि नवी आवृत्ति ऑक्टोबरांत निघाली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत, हें काम आवरतें घ्यावयाचें झाल्यास कसें घ्यावें, याचा विचार खुद्द त्या मंडळाच्या अध्यक्षांनींच जाहीरपणें मांडला होता. काम आवरलें नाहीं. पण वाढलेंही नाहीं. उलट लिबरऑफिसच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या निघत आल्या आहेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं, ओपनऑफिसला वीस वर्षें पुरीं होण्याच्या सुमारास, लिबरऑफिसच्या मंडळींनीं अपाचेला एक अनावृत पत्र लिहिलें. त्याचा मथितार्थ असा कीं, जुनें नांव ऐकून तुमच्या दाराशीं येणाऱ्या लोकांना, नवें घर कोठें आहे, एवढें तरी सांगा.

हें पत्र आम्हांस योग्य वाटतें. अपाचेच्या स्वयंसेवकांविषयीं आमच्या मनांत अनादर नाहीं. विनावेतन, जुन्या प्रोग्रॅमाचीं भोंकें बुजवीत बसणें हें कंटाळवाणें काम आहे आणि तें ते करीत आले आहेत. पण प्रसिद्ध पेढीची पाटी लावून आंत मोजका माल ठेवणें, आणि गिऱ्हाइकाला शेजारच्या भरलेल्या दुकानाचा पत्ता न सांगणें, यांत दुकानदाराची लबाडी नसली तरी गिऱ्हाइकाचें नुकसान होतेंच. आमचे हेडमास्तर हे असेच एक गिऱ्हाईक. त्यांना कोणी फसविलें नाहीं. त्यांना कोणी सांगितलें नाहीं, इतकेंच.

परवान्याची एक गंमत आहे. अपाचेचा परवाना घेणाऱ्यावर फारशी अट घालीत नाहीं. लिबरऑफिसचा परवाना, सुधारणा केलीत तर तीही इतरांस खुली ठेवा, अशी अट घालतो. परिणाम असा कीं, ओपनऑफिसमध्यें झालेलें चांगलें काम लिबरऑफिसला उचलतां येतें. पण लिबरऑफिसमधील काम ओपनऑफिसला तसें उचलतां येत नाहीं. पाणी एकाच बाजूस वाहणार, हें पहिल्या दिवसापासून ठरलेलें होतें. या स्थितींत जुन्या घरीं अवर्षण पडलें, तर त्यांत आश्चर्य कसलें?

आतां गुणांकडे वळूं. लिबरऑफिसच्या मंडळींनीं सर्वांत चांगलें काम केलें तें वाचकाला दिसत नाहीं. जर्मन मुलखांत जन्मलेल्या त्या ग्रंथांत जागोजाग जर्मन भाषेंतील टिपा होत्या. त्या वर्षानुवर्षें बसून इंग्रजींत आणल्या. कोणाच्याही उपयोगी न पडणारा मृत मजकूर कापून काढला. संहितासंपादनाचें काम ज्यांनीं केलें असेल, त्यांना या श्रमांची किंमत कळेल. मुखपृष्ठावर नांव येत नाहीं, आणि केलें नाहीं तर ग्रंथ कुजतो.

मराठी लेखकाला प्रत्यक्ष जाणवणारा गुण निराळाच आहे. रोमन अक्षरें एकापुढें एक ठेवलीं कीं शब्द होतो. देवनागरीचें तसें नाहीं. ‘कि’ या अक्षरांत संगणकाच्या पोटीं आधीं क असतो व मागून वेलांटी. पण पडद्यावर वेलांटीचा दांडा आधीं काढावा लागतो. ‘अर्थ’ या शब्दांतला रफार उच्चारांत थच्या आधीं, लेखनांत थच्या डोक्यावर. ‘तऱ्हा’ आणि ‘सुऱ्या’ यांतील अर्धा र तर आपल्याच खास तोऱ्यानें बसतो. हिंदीवाल्यांस त्याची गरज पडत नाहीं, म्हणून तो बिघडला तर ते ओरडतही नाहींत. ही सगळी मांडणी करणारें एक वेगळें यंत्र प्रोग्रॅमाच्या आंत असतें. पूर्वी विंडोजवर एक, मॅकवर दुसरें, लिनक्सवर तिसरें अशीं यंत्रें लिबरऑफिस वापरीत असे. त्यामुळें एकाच लेखाच्या ओळी तीन ठिकाणीं तीन तऱ्हांनीं मोडण्याचा संभव होता. २०१७ च्या फेब्रुवारींतील ५.३ या आवृत्तीपासून सर्व ठिकाणीं ‘हार्फबझ’ हें एकच यंत्र आलें. जोडाक्षरांच्या भाषेंत लिहिणाऱ्यांच्या दृष्टीनें आमच्या मतें हीच या वारसाची सर्वांत मोठी कमाई होय. दुसरी गोष्ट व्यवहाराची: मायक्रोसॉफ्टच्या वर्डची आजची जी ‘डॉक्स’ पद्धति, तींतील फाईल ओपनऑफिस उघडतें, पण त्या पद्धतींत जतन करीत नाहीं, लिबरऑफिस दोन्हीं करतें. ज्याचा प्रकाशक वर्डवांचून बोलत नाहीं, त्याला एवढें कारणही पुरे आहे.

दोष नाहींत असें नाहीं. मेनूंची गर्दी इतकी कीं, एकादी साधी गोष्ट शोधतां शोधतां लिहावयाचें वाक्य विसरून जातें. बटणांची मांडणी एक धड नाहीं. जुनी हवी तर जुनी घ्या, पट्ट्यांची हवी तर ती घ्या, असा उदार कारभार आहे. निवडीचें स्वातंत्र्य मोठें खरें. परंतु यजमानानें पाहुण्याला पंगतीस बसवावें आणि मुदपाकखान्याच्या किल्ल्या हातीं द्याव्या, तसें हें झालें. सहा सहा महिन्यांनीं येणाऱ्या आवृत्त्यांचीही आम्हांस थोडी दहशत वाटते. हात एका रीतीला सरावतो न सरावतो तों दुसरी येते. वार्धक्याकडे झुकलेल्या माणसाची ही तक्रार आहे, हें आम्ही मान्य करतों.

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथें एक दाखला आठवल्यावांचून राहत नाहीं. इ. स. १६११ चें इंग्रजी बायबल जुनें झालें, त्यांत चुका आहेत, म्हणून विद्वानांनीं १८८१ ते १८८५ या काळांत मोठ्या परिश्रमानें सुधारलेली आवृत्ति काढली. ती अधिक अचूक होती; पण लोकांनीं जुनीच हृदयाशीं धरली. हेडमास्तरांच्या बैलगाडीचा युक्तिवादही याच जातीचा आहे, असें प्रथम आम्हांस वाटलें. विचारान्तीं तसें वाटेना. १६११ च्या ग्रंथांत भाषेचें जें लावण्य होतें, तें नव्यांत उतरलें नाहीं, म्हणून लोक जुन्याला चिकटले. ओपनऑफिसमध्यें असें कोणतें लावण्य आहे? जें होतें तें लिबरऑफिसमध्येंही आहे, कारण मूळ पोथी एकच. येथें जुन्याला चिकटण्याचें कारण संवय, आणि संवयीचा आदर करावा. पण रसिकतेचा मान तिला देऊं नये.

नवा प्रोग्रॅम घेतल्यावर जुनें लेखन शाबूत राहतें काय, हा खरा प्रश्न. याचें उत्तर दोन भागांत द्यावें लागतें. पहिला भाग समाधानाचा. ओपनऑफिसनें आपल्या फाईलींसाठीं जी खुली पद्धति स्वीकारली, तिला २००५ त ‘ओॲसिस’ या संस्थेची आणि २००६ त आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेची मान्यता मिळाली. लिबरऑफिसचीही तीच मातृभाषा. जर्मनींतील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यानें २०२४ त आपले सुमारें ३०,००० सरकारी संगणक लिबरऑफिसवर नेण्याचा निर्णय केला, त्यामागें, आपले कागद आपल्यालाच कायम वाचतां यावे, हा विचार होता. आम्हीं स्वतः चौदा वर्षांत ओपनऑफिसमध्यें लिहिलेले सर्व लेख लिबरऑफिसमध्यें उघडून पाहिले. एकही शब्द हरवला नाहीं.

तथापि आमची फजिती झाली, ती सांगितली पाहिजे. एक निबंधसंग्रह छापखान्यांत जावयाचा होता. नव्या प्रोग्रॅमांत उघडतांच अनुक्रमणिकेचे आंकडे चुकले, अवतरणें उजवीकडे सरकलीं, आणि एक तळटीप आपल्या पानाखालीं न राहतां दुसऱ्याच्या घरीं जाऊन बसली. प्रोग्रॅमाला शिव्या देण्याच्या बेतांत होतों, इतक्यांत आमच्या कन्येनें पडद्यावरील खुणा उघड्या करून दाखविल्या आणि विचारलें, “बाबा, ही अनुक्रमणिका तुम्ही हातानें टाइप केली आहे? आणि समास सोडायला वीस वीस वेळां स्पेस दाबली आहे?” होय, दाबली होती. तळटीपा सुद्धां पानाच्या खालीं मोकळ्या ओळी सोडून हातानेंच बसविल्या होत्या. आयुष्यभर टाइपरायटरच्या संवयीनें संगणक वापरला, त्याचें हें प्रायश्चित्त. तीन आठवडे खपून सर्व मजकुराची मांडणी मथळ्यांच्या व परिच्छेदांच्या शैलींत नव्यानें बसविली.

उत्तराचा दुसरा भाग हेडमास्तरांकडे गेल्यावर कळला, आणि तो समाधानाचा नाहीं. त्यांच्या संगणकांत त्यांच्या कैलासवासी पत्नीच्या आठवणी होत्या. २००४ सालीं बाई आजारी असतां रोज संध्याकाळीं सांगत आणि हे टाइप करून घेत. माहेरचें गांव, विहिरीवरचें पाणी, शाळेंतून काढून घेतल्याचा दिवस, सारें त्यांत आहे. नातवानें ती फाईल आपल्या नव्या संगणकावर नेऊन लिबरऑफिसमध्यें उघडली, तेव्हां पडद्यावर रोमन अक्षरांचा, स्वल्पविरामांचा आणि अर्धवट चिन्हांचा निरर्थक राडा उमटला. हेडमास्तर म्हणाले, “तुमच्या वारसानें माझें घर बुडविलें कीं हो!”

दोष त्या प्रोग्रॅमाचा नव्हता. त्या काळीं मराठी टाइप करणारे पुष्कळ लोक जे फाँट वापरीत, त्यांत संगणकाच्या लेखीं रोमन अक्षरेंच असत. फाँट फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. युनिकोडमध्यें ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, त्या फाँटांत ‘क’ हा कोणत्या तरी रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागीं बसलेला उपरा. जुन्या संगणकावर फाँट होता तोंवर मजकूर मराठी दिसला. फाँट नाहीं तेथें मुखवटा गळाला. ओपनऑफिस राहिलें असतें तरी नव्या संगणकावर हेंच झालें असतें. प्रोग्रॅम बदलावा कीं न बदलावा याची चर्चा आम्ही इतका वेळ केली; पण या घरापुरता धोका प्रोग्रॅमांत नसून, नातू जो जुना संगणक भंगारांत देण्यास निघाला होता त्यांत होता.

तो आम्हीं थांबविला. त्यांतील फाँट व फाईल दोन ठिकाणीं उतरवून ठेवली, जुन्या संगणकावरून सर्व ११२ पानें कागदावर छापून घेतलीं, आणि मग तो मजकूर युनिकोडमध्यें रूपांतरित केला. रूपांतर यंत्रानें क्षणांत होतें; पण ‘श्र’च्या जागीं भलतेंच चिन्ह येतें, रफार एक अक्षर मागें सरकतो, अनुस्वार गळतात. म्हणून प्रत्येक पान माणसानें वाचावें लागतें. हेडमास्तर छापील प्रत हातांत घेऊन मोठ्यानें वाचतात आणि नातू लिबरऑफिसमध्यें दुरुस्त करीत जातो. मधूनच ते थांबतात; तेव्हां नातू कांहीं बोलत नाहीं. हें लिहीत असतां चाळीस पानें तपासून झालीं आहेत. जुना संगणक कपाटावर चादरींत गुंडाळून ठेवला आहे.